विज्ञान संग्रहालयात विज्ञान कुठे शोधायचं? सातारा-सांगलीच्या शिक्षक-पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहलींचा हंगाम जवळ आला आणि तालुका विज्ञान प्रदर्शनाचं पत्र शाळेत पोचलं, की साताऱ्या-सांगलीतले शिक्षक आणि पालक आम्हाला साधारण हेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि अडचणीचे नंतर. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही. तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘विज्ञानाचं स्वरूप’ म्हणजे नेमकं काय? विज्ञान शिकवतोच की आम्ही!

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, ही विज्ञानातली माहिती झाली. ती फिरते हे कुणाला कशावरून वाटलं, कुणी विरोध केला, कोणत्या पुराव्यावर तो विरोध मावळला, हे विज्ञानाच्या स्वरूपात येतं. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ नॉर्मन लेडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेत शिकवता येतील असे काही मुद्दे मांडले: ज्ञान पुराव्यावर उभं असतं, नवा पुरावा आला तर ते बदलू शकतं, निरीक्षण वेगळं आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष वेगळा, कल्पनाशक्तीशिवाय विज्ञान होत नाही, आणि ते करणारी माणसं त्यांच्या काळाची व समाजाची असतात. पुढे सिबेल एर्डुरान आणि झुबेदा डागर यांनी या चित्रात संस्था, पैसा आणि सत्ता यांचाही समावेश केला.

आम्हाला हे मोठं चित्र जास्त पटतं. नुसती यादी दिली तर मुलं पाच मुद्दे पाठ करून परीक्षेत लिहून मोकळी होतात. खरी गंमत एखाद्या शोधाच्या गोष्टीत हे मुद्दे सापडण्यात आहे.

२. मग हे संग्रहालयातच का बघायचं? पुस्तकात नाही का?

पुस्तकाला पानांची आणि परीक्षेची मर्यादा असते. संग्रहालयात खरी वस्तू असते, जागा असते, आणि घंटा झाली म्हणून कुणी उठवत नाही. शिवाय शाळा सुटल्यावर आयुष्यभर विज्ञानाशी माणसाची गाठ पडते ती अशाच ठिकाणी. म्हणून तिथे विज्ञानाचं कसलं चित्र उभं केलंय, याची आम्हाला काळजी वाटते.

३. साताऱ्या-सांगलीतून कुठे जाता येईल?

मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, पिंपरी-चिंचवडचं सायन्स पार्क, सोलापूरचं विज्ञान केंद्र. कऱ्हाडलाही कल्पना चावला यांच्या नावाचं विज्ञान केंद्र आहे. लांब जाणं जमत नसेल तर विज्ञानाची फिरती बस आपल्या भागात कधी येणार याची चौकशी करा. आपल्याकडे या बसची परंपरा १९६५ पासूनची, कोलकात्याच्या बिर्ला संग्रहालयाने सुरू केलेली. आणि गाडीभाड्याची सोय नसेल तर प्रश्न १० वाचा; त्यातलं सगळं आपल्याच नदीकाठी आहे.

४. मुलं धावत सुटतात, दिसेल ते बटण दाबतात आणि पुढे जातात. यातून काही शिकतात का?

शिकतात, पण आपल्याला वाटतं ते नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर.

बटणांची परंपरा जुनी आहे. म्युनिकचं डॉइचेस म्युझियम १९०३ मध्ये स्थापन झालं. यंत्रं काचेआड न ठेवता चालवून दाखवायची, हा त्याचा विशेष. १९३७ मध्ये पॅरिसला भौतिकशास्त्रज्ञ जाँ पेरँ यांच्या पुढाकाराने ‘पॅले द ला देकुव्हेर्त’ उभं राहिलं; तिथे लोकांसमोर जिवंत प्रयोग होत. १९६९ मध्ये फ्रँक ओपनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम सुरू केलं. बघणाऱ्याने स्वतः हात घालावा, काहीतरी बदलून बघावं, हा त्यांचा आग्रह. आपल्या विज्ञान केंद्रांवर या सगळ्यांची छाप आहे, पण नक्कल होताना ‘बदलून बघणं’ गळून गेलं आणि ‘बटण दाबणं’ उरलं.

बटण दाबल्यावर दरवेळी तेच घडणार असेल, तर मुलाच्या मनात एकच गोष्ट ठसते: निसर्ग एका झटक्यात, न चुकता उत्तर देतो. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तिथे असं कधी होत नाही.

उपाय सोपा आहे. समोरासमोर लावलेल्या दोन मोठ्या अंतर्वक्र तबकड्या बहुतेक केंद्रांत असतात. एकीच्या नाभीशी, म्हणजे तबकडीसमोर आवाज एकवटतो त्या बिंदूशी, तोंड नेऊन कुजबुजलं की लांबच्या दुसऱ्या तबकडीजवळ उभ्या असलेल्या मुलाला ते ऐकू येतं. मुलं एकमेकांना नावं ठेवतात, हसतात आणि पळतात. त्यांना तिथेच थांबवा. कान वीतभर बाजूला नेला तर ऐकू येईल का, हे आधी वहीत लिहायला सांगा. मग कान हलवून बघू द्या. नंतर विचारा, तबकडीवर शाल पांघरली तर? बोलणाऱ्याने तबकडीकडे पाठ केली तर? अंदाज आधी लिहिलेला असला की तो चुकल्याचं लपत नाही, आणि चुकलेल्या अंदाजापाशी पोरं हटून वाद घालायला लागतात. तोच वाद आपल्याला हवा आहे.

एका सहलीत चाळीस वस्तू बघण्यापेक्षा अशा तीन बघा.

५. प्रत्येक शाळेत ‘वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या’ असा तक्ता असतो. निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. तो चुकीचा आहे का?

अपुरा आहे. लिहून काढलेलं संशोधन या क्रमात दिसतं. प्रत्यक्ष काम क्वचितच या क्रमाने होतं. आणि कित्येक शास्त्रांत आपल्याला समजतो त्या अर्थाचा प्रयोगच करता येत नाही.

लोणार घ्या. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो खड्डा ज्वालामुखीचा की उल्केचा? पुन्हा एक उल्का आणून आदळवून बघता येत नाही. आसपास सगळा बसाल्ट, म्हणजे ज्वालामुखीचाच खडक, तेव्हा जुन्या अभ्यासकांचा कौल ज्वालामुखीकडे होता, आणि तो अडाणीपणाचा मुळीच नव्हता. १९७० च्या दशकात खडकांच्या नमुन्यांत प्रचंड धक्क्यानेच तयार होणारी काच सापडली आणि उल्केची बाजू पक्की झाली. इथे पायऱ्या नाहीत, गुन्ह्याच्या तपासासारखं मागे मागे जाणं आहे.

तक्ता काढून टाकू नका. त्याच्या शेजारी लोणारची गोष्ट लावा.

६. द्राक्षबागायतदारांच्या मुलांना यातलं काय सांगता येईल?

तासगाव, पलूस, मिरज भागातल्या शिक्षकांकडून हा प्रश्न येतो आणि आम्हाला तो फार आवडतो, कारण त्याचं उत्तर मुलांच्या घरच्या फवारणीच्या पंपात आहे.

बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, याचा जन्म फ्रान्सच्या बोर्डो भागातला. १८८० च्या दशकात तिथल्या बागा डाऊनी या वेलींच्या रोगाने झोडपल्या होत्या. वाटसरूंनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचं निळसर पाणी मारायची तिथे रीत होती. पियर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की आतल्या ओळी रोगाने गेल्यात आणि रस्त्याकडेच्या वेलींची पानं मात्र टिकून आहेत. त्याने रसायनशास्त्रज्ञ गेयों यांच्यासोबत प्रमाणं बदलून प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले.

या एका गोष्टीत केवढं तरी आहे. निरीक्षण योगायोगाने झालं, पण ते ओळखायला तयार डोळा लागला. शेतकऱ्यांची रीत आधी, शास्त्रज्ञाचं स्पष्टीकरण नंतर. आणि योगायोगावर न थांबता प्रमाणं बदलून तपासणं आलंच. संग्रहालयातल्या पाटीवर बहुतेकदा एवढंच असतं: ‘शोध: बोर्डो मिश्रण, शास्त्रज्ञ: मिलार्दे.’ मधलं सगळं गळालेलं असतं.

७. विज्ञान सारखं बदलत असेल तर मुलांनी विश्वास कशावर ठेवायचा?

आधी बदल कसे होतात ते बघू. इग्वानोडॉन या डायनोसॉरचं एक टोकदार हाड सुरुवातीला नाकावरचं शिंग समजलं गेलं. १८५४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपाशी उभारलेल्या पुतळ्यात ते नाकावरच आहे. १८७८ मध्ये बेल्जियमच्या खाणीत पुष्कळसे सांगाडे जवळजवळ पूर्ण मिळाले, तेव्हा कळलं की ते अंगठ्याचं हाड आहे. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात टी. रेक्स १९१५ पासून शेपूट जमिनीवर टेकवून ताठ उभा होता. १९९० च्या दशकात त्याला उतरवून, पाठ आडवी आणि शेपूट हवेत अशा पवित्र्यात पुन्हा उभा केला. त्याच संग्रहालयाने २००० साली नव्या तारांगणात प्लूटोला मोठ्या ग्रहांच्या रांगेत ठेवलं नाही. लहान मुलांची रागावलेली पत्रं आली. खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा निर्णय त्यानंतर, २००६ मध्ये झाला.

आता नीट बघा, काय बदललं? हाड होतं तिथेच आहे, फक्त ते अंगठ्याला गेलं. प्लूटो होता तसाच फिरतोय, त्याचं वर्गीकरण बदललं. हे प्राणी होऊन गेले आणि नाहीसे झाले, याबद्दल शंका घ्यायला जागा उरली नाही. काही गोष्टी इतक्या बाजूंनी तपासल्या गेल्यात की त्या डळमळणं जवळजवळ अशक्य. काही कालपरवाच्या आहेत. ‘सगळं बदलतं’ हे वाक्य ‘काहीच बदलत नाही’ याच्याइतकंच फसवं आहे. चांगलं प्रदर्शन या दोन्हींतला फरक दाखवतं: हे किती पक्कं, आणि कशामुळे.

८. पण लहान मुलांना ‘अजून नक्की माहीत नाही’ असं सांगितलं तर गोंधळतील ना?

सांगलीतल्या मुलांना हा प्रश्न विचारायचीही गरज नाही. पावसाळ्यात घराघरांत चर्चा चाललेली असते: कोयनेतून किती क्युसेक सोडलं, आयर्विन पुलाला पाणी किती फुटांवर, उद्या कुठवर जाईल. ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, हे तिसरीतल्या पोरालाही ठाऊक असतं. उद्याचा आकडा अंदाजच असतो, एक-दोन फूट मागेपुढे होतो, म्हणून कुणी तो धुडकावत नाही. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं, त्या महापुरानंतर तर लोक हे आकडे जास्तच बारकाईने बघतात. अंदाजावर भरवसा ठेवून सामान माळ्यावर चढवणाऱ्या घरातलं मूल अनिश्चितता आपल्यापेक्षा चांगली समजतं.

संग्रहालयात मात्र अनिश्चितता लपवली जाते. लोणारचंच पाहा: त्याचं वय पाट्यांवर एकच आकडा म्हणून छापलेलं असतं, बहुतेकदा सुमारे ५० हजार वर्षं. एका पद्धतीने तेवढंच निघालं होतं. २०११ मध्ये आर्गॉन वापरून केलेल्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघाली. दोन्ही आकडे शेजारी छापले आणि खाली ‘मोजण्याच्या दोन पद्धती, दोन उत्तरं’ असं लिहिलं, तर ती पाटी कितीतरी मोलाची होईल.

९. थोर शास्त्रज्ञांच्या फोटोंचं दालन सगळीकडे असतं. त्यात वाईट काय?

फोटोत वाईट काही नाही. एकटा माणूस आणि एक क्षण, एवढंच विज्ञान दिसतं ही अडचण आहे.

२८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन साजरा करतो, १९२८ मध्ये त्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला म्हणून. किती शाळांत त्या दिवशी के. एस. कृष्णन यांचं नाव घेतात? प्रत्यक्ष प्रयोगांत ते रामन यांच्या खांद्याला खांदा लावून होते. त्याच वर्षी मॉस्कोत मांडेलश्ताम आणि लांड्सबेर्ग यांना स्फटिकांमध्ये हाच परिणाम स्वतंत्रपणे दिसला. १९३० चं नोबेल एकट्या रामन यांना मिळालं. हे सांगितल्याने रामन लहान होत नाहीत. विज्ञान एकाच वेळी अनेक ठिकाणी, अनेकांच्या कष्टाने पुढे सरकतं, हे मुलांना कळतं.

दुसरी बाजूही सांगावी. १९३३ मध्ये कमला सोहोनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या; अटी घालून प्रवेश मिळाला; १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. दोन्ही फोटो एकाच भिंतीवर लावा आणि ही हकीगत मधोमध लिहा. मुली ती वाचायला थांबतील.

१०. आम्हाला शाळेत कोयनेच्या भूकंपावर प्रदर्शन लावायचंय. कसं लावू?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांसाठी याहून चांगला विषय आम्हाला माहीत नाही. घडून गेलेली आणि अजून चालू असलेली, दोन्ही तऱ्हेची विद्या त्यात आहे.

घटना अशी. कोयना धरणात १९६२ च्या सुमारास पाणी साठायला लागलं आणि थोड्याच काळात छोटे धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, सव्वाचार वाजून गेल्यावर, मोठा धक्का बसला. सुमारे १८० माणसं गेली, दगडमातीची घरं कोसळली. जुन्या पुस्तकांत तीव्रता ६.५ दिसेल, अलीकडच्या लेखनात ६.३, मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने हा फरक पडतो. हा भूभाग तोवर स्थिर मानला जात होता. त्या पहाटेनंतर देशाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा बदलावा लागला.

मग प्रश्न पडला: भूकंप धरणामुळे झाला का? अमेरिकेतलं हूव्हर धरण, आफ्रिकेतलं करिबा अशी उदाहरणं समोर होती. पण जगातली बहुतेक धरणं भरली तरी असं काही होत नाही, हा विरोधकांचा मुद्दाही वजनदार होता. हळूहळू चित्र स्पष्ट झालं: जमिनीत खोलवर भेगेवर ताण आधीपासून असतो, तलावातलं पाणी झिरपून खडकाच्या भेगांमधला दाब वाढवतं आणि आधीच ताणलेली भेग सरकायला निमित्त मिळतं. ताण पाण्याने निर्माण केलेला नाही, हे बारकाईने सांगायला हवं. पावसाळ्यात तलाव भरल्यानंतर धक्के वाढतात, हा मोठा पुरावा. दुसरा आपल्या सांगलीकडचा: १९८५ पासून वारणेच्या धरणात पाणी साठू लागलं आणि पुढे भूकंपांची हालचाल दक्षिणेला वारणेकडेही पसरली.

आणि तपास संपलेला नाही. कऱ्हाडला केंद्र सरकारची भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा आहे. तिच्यामार्फत कोयना परिसरात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल चाचणी विवर खणलं, ते २०१७ मध्ये पूर्ण झालं. बसाल्टचा थर सव्वा किलोमीटरच्या आसपास संपून खाली जुना ग्रॅनाइटी खडक लागला. भूकंप जिथे घडतो त्याच्या जवळ जाऊन मोजायचं, असा हा प्रयत्न आहे.

मांडणी सुचवतो. लांब कागदावर महिनावार तलावाची पातळी काढा. त्याखाली महिनावार धक्क्यांची संख्या काढा, पण त्यावर कागदाची झडप लावा. येणाऱ्याने आधी अंदाज बांधायचा, मग झडप उचलायची. शेजारी दोन रकाने: ‘धरणामुळे’ म्हणणाऱ्यांचे पुरावे, ‘नाही’ म्हणणाऱ्यांचे. तिसरा रकाना ‘अजून शोधतोय’. आणि एक कोपरा गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींचा ठेवा: भांडी आधी वाजली की आवाज आधी आला, गुरं कशी वागली. त्या आठवणींखाली मुलांना लिहू द्या, यातलं भूकंपमापक यंत्राला काय कळलं असतं आणि काय कधीच कळलं नसतं.

त्या पहाटे घरातलं माणूस गमावलेली कुटुंबं अजून आहेत. त्यांना आधी विचारा, मगच त्यांच्या आठवणी भिंतीवर लावा.

११. संग्रहालयं शास्त्रज्ञांच्या चुका दाखवतात का?

फार कमी, आणि दाखवल्या तर गमतीचा भाग म्हणून. १९१२ मध्ये इंग्लंडात गाजावाजा होऊन मिरवलेला पिल्टडाउनचा आदिमानव १९५३ मध्ये बनावट ठरला: माणसाची कवटी आणि ओरँगउटानचा जबडा. चाळीस वर्षं तो खपला, कारण इंग्रजांना आपल्या देशात असा पूर्वज हवाच होता. पण त्याला उघडं पाडणारेही शास्त्रज्ञच होते.

आपल्या जवळचं उदाहरण प्लेगचं आहे. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना प्लेगने गेल्या. त्याच वर्षी मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी ती लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली आणि हाफकिन यांच्यावर ठपका आला. दोष गावात बाटली उघडताना झालेल्या हलगर्जीचा होता, हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. मुलांना हे सांगताना लस फसली असं सांगू नका. चूक कुठल्या टप्प्यावर झाली हे शोधणं हाच विज्ञानाचा भाग होता, आणि त्यात एका माणसाची वर्षं गेली, असं सांगा.

१२. दालनावर कंपनीचं किंवा संस्थेचं नाव असतं. पैसे देणाऱ्याचा प्रभाव पडतो का?

पडू शकतो. १९९४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत अमेरिकन जीवनातल्या विज्ञानावर मोठं प्रदर्शन भरलं. खर्च अमेरिकन केमिकल सोसायटीने उचलला होता. कीटकनाशकं, अणुबाँब असे विषयही त्यात होते. विज्ञानाची बाजू नकारात्मक दाखवली, अशी तक्रार त्याच सोसायटीने केली आणि वाद बरेच दिवस चालला. दालनात शिरताना नाव वाचा आणि मुलांना एकच विचारा: या विषयातलं काय इथे नाही?

१३. नियम मोठा की सिद्धांत? मुलं म्हणतात, सिद्धांत पक्का झाला की त्याचा नियम होतो.

होत नाही. बॉइलचा नियम वायूचा दाब आणि आकारमान यांचं नातं सांगतो. ते तसं का, हे रेणूंच्या हालचालीचा सिद्धांत सांगतो. दोघांची कामं वेगळी. उत्क्रांतीच्या दालनात हा घोळ हमखास होतो, तिथे हे उदाहरण द्या.

१४. अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते शाळेत चमत्कारांचे प्रयोग दाखवतात. ते आणि विज्ञान प्रदर्शन एकच ना?

साताऱ्याला हा प्रश्न पडणारच, डॉ. नरेंद्र दाभोलकर इथलेच आणि ते काम इथूनच वाढलं. आम्हाला त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण दोन्हींचा हेतू थोडा वेगळा आहे. जिभेवर जळता कापूर ठेवून दाखवला की इतकं सिद्ध होतं: यासाठी दैवी शक्ती लागत नाही, साधं कारण पुरतं. अमुक बाबाने नेमकी हीच युक्ती वापरली, हे त्यातून सिद्ध होत नाही; त्यासाठी त्या बाबाला आपल्या अटींवर तपासावं लागतं. हा फरक आठवी-नववीच्या मुलांना पूर्ण झेपतो. कार्यक्रम झाल्यावर विचारा, ‘आता बाबा म्हणाला की माझी पद्धत वेगळी आहे, तर तुम्ही काय कराल?’ चाचणीची रचना मुलांनी करावी. कापूर मात्र त्यांच्या हाती देऊ नका.

१५. प्राचीन भारतीय विज्ञानाच्या दालनातल्या दाव्यांचं काय करायचं?

इतर दालनांत विचारता तेच प्रश्न तिथेही विचारायचे, तितक्याच आदराने. बख्शाली या गणिताच्या जुन्या हस्तलिखिताचं उदाहरण घ्या, ज्यात शून्यासाठी ठिपका आहे. २०१७ मध्ये ऑक्सफर्डने त्याच्या तीन पानांची कार्बन चाचणी केली. तिन्हींची शतकं वेगळी निघाली, सगळ्यात जुनं तिसऱ्या-चौथ्या शतकातलं. लगेच बातम्या झाल्या. पण काही अभ्यासकांनी आक्षेप घेतला: मजकूर सलग आहे, मग तो सगळ्यात नव्या पानाहून जुना कसा असेल? आपल्या गणिताचा अभिमान बाळगायला हा वाद अजिबात आड येत नाही. पाटीवर तो वाद असला तर मुलांना कळेल की इतिहासालाही पुरावा लागतो. चुका आणि दुरुस्त्यांसाठी प्रश्न ७ आणि ११ पाहा.

१६. तालुका प्रदर्शनात परीक्षक म्हणून बोलावलंय. ज्वालामुखी, पवनचक्की, ठिबकची मॉडेल्स यांतून निवडू कसं?

थर्माकोल किती सुबक कापलाय याकडे बघू नका. मुलाला विचारा: ‘हे तू कशावरून म्हणतोस? आणि काय दिसलं असतं तर तू म्हणाला असतास की माझं चुकलं?’

तासगावच्या बाजूला एका प्रदर्शनात दोन मुलींनी टेबलावर फक्त हळदीत बुडवून वाळवलेले कागद आणि विहिरींच्या पाण्याच्या बाटल्या मांडल्या होत्या. क्षारपड जमिनीजवळच्या विहिरीचं पाणी कागद लाल करतं का, हे त्यांना बघायचं होतं. साबणाच्या पाण्यात कागद लालसर झाला, म्हणजे कागद चालतोय याची खात्री त्यांनी करून घेतली होती. विहिरींच्या एकाही पाण्यात तो बदलला नाही. तक्त्यावर शेवटी लिहिलं होतं: ‘पाण्यात क्षार नाहीत असं आम्ही म्हणत नाही. आमच्या कागदाला ते कळत नाहीत.’ बक्षीस रोषणाईच्या पवनचक्कीला गेलं. आमच्या मते त्या सभागृहात विज्ञान त्या टेबलावर होतं. आपल्या साधनाला काय कळत नाही हे सांगता येणं मोठ्या माणसांनाही अवघड जातं.

१७. तारांगण, प्राणिसंग्रहालय, वस्तुसंग्रहालय, सगळीकडे हे लागू होतं का?

हो. फक्त तारांगणात चित्र इतकं सुंदर असतं की हे खरं छायाचित्र, की आकडेमोडीवरून काढलेलं, हे विचारायचं राहून जातं. तेवढं विचारा.

१८. पाटीवर चूक सापडली किंवा मार्गदर्शकाने चुकीचं सांगितलं, तर मुलांसमोर बोलावं का?

मार्गदर्शक बहुतेकदा तरुण मुलं-मुली असतात, दिवसभर तेच बोलून घसा बसलेला असतो. त्यांना चारचौघांत खोडू नका. ‘हे कशावरून कळलं, दादा?’ एवढंच विचारा. उत्तर माहीत नसेल तर बरेच जण तसं मोकळेपणाने सांगतात, आणि मुलांनी तेही ऐकावं.

पाटीचं मात्र लेखी कळवा. संग्रहालयं दुरुस्ती करतात, उशिरा का होईना: पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात एका अवाढव्य डायनोसॉरच्या सांगाड्यावर दुसऱ्याच जातीचं डोकं कित्येक वर्षं होतं, ते १९७९ मध्ये बदललं. पत्र मुलांनी लिहावं. पाटीचा फोटो, त्यातलं नेमकं वाक्य, आपल्याला चूक का वाटते आणि कशाच्या आधारावर, एवढं एका पानात बसतं. आपलंच चुकत असण्याची शक्यताही एका ओळीत लिहायला सांगा. उत्तर आलं तर वर्गात लावा. महिनाभरात नाही आलं तर पुन्हा लिहा.